बगदादची परीक्षा आणि मामूंचा दाखला

आमच्या अर्धापूरची केळी संध्याकाळी ट्रकमध्ये भरतात आणि गाड्या रात्रीच्या उत्तरेकडे निघतात. माझे मामू अशा गाड्या चालवायचे. लायसन्सच्या नूतनीकरणासाठी वैद्यकीय दाखला लागतो, म्हणून काही वर्षांपूर्वी मी त्यांच्यासोबत एका दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टरांनी नाव आणि वय विचारलं, फॉर्मवर सही-शिक्का केला, पैसे घेतले. ना डोळ्यांचा तक्ता, ना बीपीचा पट्टा. बाहेर आल्यावर मामू हळूच म्हणाले, "तपासलं नाही ते बरंच झालं. समोरून लाईट आला की मला थोडा वेळ काहीच दिसत नाही. हे कळलं तर गाडी कोण देईल?"

मला डॉक्टरांचा राग आला आणि मामूंचाही. पण या दाखल्याचा इतिहास वाचत गेलो, तसं लक्षात आलं की दुखणं जुनं आहे.

इ.स. 931 मध्ये बगदादमध्ये एका वैद्याच्या चुकीने रुग्ण दगावला. खलिफा मुक्तदिरने हुकूम काढला की सिनान इब्न साबित यांनी परीक्षा घेतल्याशिवाय कुणी वैद्यकी करायची नाही. आठशेहून अधिक जणांची परीक्षा झाली. जुने चरित्रकार त्यातली एक गोष्ट सांगतात. एक वयस्कर गृहस्थ आले आणि त्यांनी कबूल केलं की आपल्याला धड लिहिता-वाचता येत नाही, पण घर याच धंद्यावर चालतं. सिनानने त्यांची रोजी काढून घेतली नाही. अट घातली: जे कळत नाही त्याला हात लावायचा नाही, किरकोळ आजारांपुरतंच राहायचं. म्हणजे पात्र आणि अपात्र यांच्यामध्ये 'अटीसह पात्र' अशीही एक जागा असते, हे तेव्हाही ठाऊक होतं.

पुढे 1700 मध्ये इटलीतल्या रामाझिनी या वैद्याने कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. रुग्णाला विचारायच्या नेहमीच्या प्रश्नांत त्याने एकाची भर घातली: तू काम काय करतोस? साधा प्रश्न, पण मामूंना तो कुणी विचारला नव्हता.

डोळ्यांच्या तपासणीला जोर आला तो रेल्वेमुळे. 1875 मध्ये स्वीडनमधील लागरलुंडा इथे दोन गाड्यांची टक्कर होऊन नऊ माणसं गेली. होल्मग्रेन या प्राध्यापकाला शंका आली की सिग्नलचा रंगच ओळखला गेला नसावा. रंगीत लोकरीच्या लडी घेऊन त्याने 266 रेल्वे कर्मचारी तपासले. त्यात 13 जण रंगांधळे निघाले. त्या अपघाताचं कारण खरंच रंगांधळेपणा होतं का, यावर संशोधकांनी पुढे शंका घेतली. पण तपासणीची पद्धत मात्र जगभर गेली.

आपल्याकडे 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला फॉर्म 1-ए हा त्याच परंपरेतला. तीव्र रंगांधळेपणा आहे का, रातांधळेपणा आहे का, हे त्यात डॉक्टरांनी नोंदवायचं असतं. चांगल्या दिवसाउजेडी 25 मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का, हेही. आमची केळी मात्र रात्री जातात. म्हणून डॉक्टरांनी फॉर्मच्या पलीकडेही विचारायला हवं. गाडी रात्रीची की दिवसाची? झोप किती होते? साखरेसाठी इन्सुलिन घेता का? साखर अचानक उतरली तर स्टिअरिंगवरच माणसाची शुद्ध जाऊ शकते. झोप आणणारी गोळी चालू आहे का? आणि एकेक डोळा झाकून तपासणी तर व्हायलाच हवी.

पण ड्रायव्हर खरं का सांगेल? सरकारी नोकरीत सेवेदरम्यान अपंगत्व आलं तर काढता येत नाही, त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागतं. 1995 आणि 2016 चे कायदे तसं सांगतात. 1932 मध्ये निजामाच्या रेल्वेने 27 गाड्यांवर बससेवा सुरू केली, तेव्हा नांदेडही निजाम संस्थानातच होतं. त्याच सेवेचा वारसा आज तेलंगणाच्या एसटीकडे आहे. तिथे रंगांधळा ठरवून घरी बसवलेल्या एका चालकाला पर्यायी काम द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये दिला. केळीच्या ट्रकवरच्या ड्रायव्हरला असा आधार नाही. म्हणून तो लपवतो, आणि दाखला विकला जातो.

मामूंचं पुढे काय झालं ते सांगतो. दाखल्यानंतर जवळजवळ दोन वर्षांनी एका नेत्रशिबिरात कळलं की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ऑपरेशन झालं, आता त्यांना स्वच्छ दिसतं. ज्या तपासणीला ते घाबरत होते, तिने त्यांची गाडी हिरावून घेतली नसती. फक्त काही आठवडे ती उभी राहिली असती. ती दोन वर्षं ते रात्रीच्या रस्त्यावर कसे होते, हे मी अम्मीला अजून सांगितलेलं नाही.