बोरूची जाड-बारीक रेघ

इटलीतील पार्मा शहरी जामबात्तिस्ता बोदोनी (1740–1813) या मुद्रकाने कोरलेली रोमन अक्षरे आजही देखणी मानली जातात. उभी रेघ भरदार, आडवी केसासारखी. मासिकाचे नाव, अत्तराची डबी, लग्नपत्रिका अशा ठिकाणी ही अक्षरे खुलून दिसतात. मात्र त्या केसाएवढ्या रेघेला गुळगुळीत कागद लागतो. हलक्या कागदावर, बारीक आकारात ती तुटते. म्हणून मथळ्याला ती शोभते, बातमीच्या मजकुराला नाही.

आम्हा उर्दू शिक्षकांना या जाड-बारीक खेळाचे नवल वाटत नाही. नस्तालीक लिपीचा सारा डौल त्यावरच तर उभा आहे! फक्त आमच्याकडे गणित उलटे. बोदोनीची आडवी रेघ नाजूक, तर आमच्या ‘बे’ची आडवी कशिश मध्ये भरलेली आणि टोकाला निमुळती. बोरूला जसा कत द्यावा तशी रेघ उमटते.

ही रेघ शिशाच्या खिळ्यात उतरवायची कशी, हा प्रश्न मराठीपुढेही होता. गणपत कृष्णाजींनी 1831 साली मुंबईत पंचांग छापले ते शिळाछापावर. पुढे मराठीने दगड सोडला. जावजी दादाजींनी 1869 साली निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी आरूंसारख्या कारागिराच्या हातून तिथे जे खिळे घडले, त्यांत बोरूचे वळण शाबूत राहिले. ‘काव्यमाला’ची पाने पाहिली की हे पटते.

उर्दूचे तसे झाले नाही. कोलकात्यात फोर्ट विल्यम कॉलेजच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, नस्तालीकचे खिळे वापरात होते. पण ते रुजले नाहीत. कारण लिपीतच आहे. नस्तालीकचा शब्द उजवीकडून तिरपा खाली उतरतो, आणि शेजार बदलला की अक्षर रूप बदलते. देवनागरीचे खिळे शेकड्यांत भागतात, इथे हजारोंनीही पुरे पडत नाहीत. शिळाछापाला ही अडचण नव्हती. कातिबाने लिहिले, दगडावर उतरवले, छापले. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने (1858) याच रीतीने उर्दू-फारसीचे भांडार घरोघर पोचवले. उर्दू मागासलेली म्हणून दगडाला चिकटून राहिली, असे कुणी म्हणाले तर आम्हाला ते मान्य नाही. तिने अक्षराचा डौल सोडायला नकार दिला, आणि त्याची किंमतही मोजली. पुस्तक निघायला उशीर व्हायचा, सारे काही कातिबाच्या हातावर अवलंबून असायचे.

आमचा बीड जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि सरकारी कारभाराची भाषा उर्दू होती. त्यामुळे इथल्या जुन्या घरांत शिळाछापाची पुस्तके असणे साहजिकच.

कोंडी फुटली ती 1981 साली. पाकिस्तानच्या मिर्झा अहमद जमील यांनी जवळपास 20 हजार जोडाक्षरे हाताने लिहिली आणि मोनोटाइप कंपनीने ती यंत्रात बसवली. जमील यांनी त्या अक्षराला आपल्या खुशनवीस वडिलांचे नाव दिले: नूरी नस्तालीक. लाहोरच्या ‘जंग’ने ते प्रथम वापरले. 1994 साली दिल्लीहून ‘इनपेज’ आले, आणि उर्दू वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतून कातिबांच्या बैठका एकेक करून उठल्या. ज्याने ती 20 हजार रूपे लिहिली तोही खुशनवीसच, ही गोष्ट आम्हाला फार लागते.

आता मुलांच्या हातात बॉलपेन आहे. त्याची रेघ सगळीकडे सारखीच. पुस्तकात छापलेली ‘बे’ आपल्या वहीत तशी का येत नाही, असे मुले विचारतात. तेव्हा आम्ही खडू फळ्यावर आडवा टेकवतो, कशिश ओढतो, आणि शेवटी तो टोकावर उभा करतो.