इचलकरंजीचा माग

पंचगंगेकाठची इचलकरंजी ही कोल्हापूर संस्थानातील जहागीर. तेथे १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग सुरू केला आणि जहागीरदार श्रीमंत नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी या धंद्यास आश्रय दिला. गाव वाढले ते चार-सहा मागांच्या लहान कारखान्यांनी. एकाने कांड्या भराव्या, दुसऱ्याने सुताला खळ द्यावी, तिसऱ्याने विणावे. शेजाऱ्याचे पाहून शेजारी शिके. ही विद्या काही दरबाराने शिकविली नव्हती! १९४३ साली नारायणराव निवर्तले, १९४९ साली संस्थान विलीन झाले. माग चालूच राहिले. आश्रयाची थोरवी आम्ही मानतोच. परंतु मजुरीवर कापड विणून देणारा खर्चीवाला मागाचा धनी होऊनही परतंत्रच राहिला, कारण सूत व्यापाऱ्याच्या हाती होते.