अहमदनगरचा किल्ला : बंदिगृह म्हणून उपयोग
अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) शहराच्या पूर्वेस असलेला हा भुईकोट किल्ला. राजकीय बंदिवासाचे स्थान म्हणून त्याचा इतिहास महत्त्वाचा आहे. निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने १४९० मध्ये येथे आपले ठाणे वसविले. हुसेन निजामशहाने १५५९–६२ च्या सुमारास दगडी तट व खंदक बांधून ते भक्कम केले. १५९५–९६ च्या मोगली वेढ्यात चांदबिबीने किल्ला लढविला. १६०० मध्ये तो मोगलांकडे गेला. १७५९ मध्ये तो पेशव्यांना मिळाला आणि १७९७ मध्ये दौलतराव शिंद्यांकडे आला.

त्याच वर्षाच्या अखेरीस शिंद्यांनी नाना फडणीसांस विश्वासघाताने पकडून या किल्ल्यात ठेविले. पुढील वर्षी मोठ्या रकमेच्या बदल्यात त्यांची सुटका झाली. या कैदेमागे कोणत्याही न्यायासनाचा निर्णय नव्हता. १२ ऑगस्ट १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने किल्ला जिंकला व १८१७ च्या तहानंतर तो कायमचा इंग्रजांकडे राहिला. बोअर युद्धातील कैदी आणि पहिल्या महायुद्धकाळात जर्मन नागरिक यांना इंग्रजांनी अहमदनगर येथे स्थानबद्ध केले.

इंग्लंडमधील लँकेस्टरसारख्या जिल्ह्याच्या मुख्य शहरी न्यायालय व तुरुंग एकाच किल्ल्यात शतकानुशतके नांदले. शिक्षा कठोर असली, तरी ती खटल्यानंतर होई. अहमदनगरच्या किल्ल्यात मात्र शासकाची आज्ञा हीच पुरेशी ठरे. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत पकडलेले काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य येथे आणण्यात आले, तेव्हा ही गोष्ट विशेष स्पष्ट झाली. जवाहरलाल नेहरू, मौलाना अबुल कलाम आझाद, वल्लभभाई पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आचार्य कृपलानी, शंकरराव देव, असफ अली, पट्टाभि सीतारामय्या, सय्यद महमूद, प्रफुल्लचंद्र घोष व हरेकृष्ण महताब असे हे बारा जण होते. त्यांच्यावर खटला भरला गेला नाही, की कैदेची मुदतही ठरविली गेली नाही. आरंभी तर त्यांचा ठावठिकाणाही गुप्त राखण्यात आला. १९४३ मध्ये कलकत्त्यास आझादांच्या पत्नी मृत्युशय्येवर असता त्यांनी सवलतीची याचना करण्यास नकार दिला. पत्नीची अखेरची भेट झाली नाही.

या बंदिवासात नेहरूंनी १९४४ मध्ये ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ लिहिला, तर आझादांच्या येथील पत्रांचा संग्रह ‘गुबार-ए-खातिर’ नावाने प्रसिद्ध झाला. मार्च १९४५ पासून बंदी निरनिराळ्या प्रांतांत हलविण्यात आले व त्याच वर्षी जूनपर्यंत त्यांची सुटका झाली. किल्ला सध्या लष्कराच्या ताब्यात असून नेत्यांच्या वास्तव्याच्या खोल्या स्मारक म्हणून जतन केल्या आहेत. तट शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी उभारला गेला; इतिहासात त्याचे नाव मात्र त्याने आत कोंडलेल्यांमुळेही राहिले.