ओझोन, विहिरीचं पाणी आणि मागे उरणारं ब्रोमेट

गोंदिया जिल्ह्यातल्या पाण्याचा विषय निघाला की आपण मामा तलावांबद्दल, म्हणजे माजी मालगुजारी तलावांबद्दल बोलतो. पण तलाव मुख्यतः धानासाठी. पिण्याचं पाणी विहिरीचं, नंतर हातपंपाचं. विहिरीत ग्रामपंचायत टीसीएल पावडर टाकते, हे आपल्याला ठाऊक आहे. आता मात्र लग्नाच्या मांडवात वीस लिटरचे जार येतात, आणि ‘ओझोन मारलेलं पाणी, मागे काहीच उरत नाही’ असं सांगितलं जातं. हे खरं आहे का? इतिहास काय म्हणतो ते बघू.

ओझोन ओळखला शोनबाइन यांनी, १८३९ साली, बाझलमध्ये. १९०६ मध्ये फ्रान्सच्या नीस शहरात त्याने पिण्याचं पाणी शुद्ध होऊ लागलं. पुढे स्वस्त क्लोरीनने त्याला मागे टाकलं. मग १९७४ मध्ये रॉटरडॅमच्या रूक यांनी दाखवलं, की क्लोरीन आणि पाण्यातला पालापाचोळ्याचा अंश मिळून क्लोरोफॉर्म तयार होतो. साहजिकच लोक पुन्हा ओझोनकडे वळले.

पण ओझोनही अगदी निर्दोष नव्हता. जमिनीतल्या क्षारांबरोबर पाण्यात ब्रोमाइड येतं. समुद्राजवळच्या खाऱ्या भूजलात ते जास्त असतं. ओझोन त्याचं ब्रोमेट करतो. ओझोन थोड्या वेळात विरून जातो, ब्रोमेट तसंच राहतं. त्याला वास नाही, आणि पाणी उकळूनही ते जात नाही. १९८० च्या दशकात जपानमध्ये कुरोकावा यांच्या प्रयोगांत ब्रोमेटमुळे उंदरांच्या मूत्रपिंडात गाठी झाल्या. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आज लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे.

हे फक्त परदेशातलं नाही. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या संशोधकांनी मुंबईतलं बाटलीबंद पाणी तपासलं. २०१५ मध्ये बातम्या आल्या, की सुमारे २७ टक्के नमुन्यांत ब्रोमेट मर्यादेपेक्षा जास्त होतं.

म्हणून ओझोन सोडायचा का? नाही. कॉलरा-काविळीचा धोका आजचा, आणि कितीतरी मोठा. पण ओझोन किती मारायचा, हे खालचं पाणी पाहूनच ठरवावं लागतं. तेव्हा गोंदियात जार घेताना आपण दोन गोष्टी विचारू: बोअरच्या पाण्यात ब्रोमाइड किती आहे, आणि ओझोननंतर ब्रोमेटची तपासणी केली का?