मोडलेला स्टड आणि आट्यांचे प्रमाणीकरण

एंजिनात मोडून अडकलेला स्टड बाहेर काढणे हे कारखान्यातील किरकोळ काम समजले जाते. यंत्रविद्येच्या इतिहासात त्यास सहसा स्थान मिळत नाही. तथापि एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये आट्यांचे जे प्रमाणीकरण झाले, त्याचे खरे मोल या किरकोळ कामावरूनच अजमावता येते.

स्टड बहुधा भोकाच्या तोंडाशी, गुंतलेल्या पहिल्या आट्यापाशी मोडतो, कारण भाराचा मोठा वाटा तेथेच पडतो. आत राहिलेल्या तुकड्यावरील ताण नाहीसा होतो. पण गंज त्याला सोडत नाही. गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो व आट्यांमधील फट भरून टाकतो. भोवतालचा भाग तापविणे, रॉकेल मुरू देणे, कडेला छिन्नी लावून उलट दिशेने ठोकणे, हे कारागिरांचे परिचित उपाय होत. ते थकले म्हणजे तुकड्याच्या मध्यभागी भोक पाडून त्यात डाव्या आट्यांचे निमुळते हत्यार घालतात. ते जसजसे घट्ट बसते, तसतसा तुकडा सुटण्याच्या दिशेने फिरतो. युक्ती साधी असली तरी मार्मिक आहे.

परंतु तुकडा निघाला म्हणजे काम संपले, असे पूर्वी नव्हते. हेन्री मॉडस्ले (१७७१–१८३१) यांच्या पूर्वी प्रत्येक बोल्ट व त्याची चाकी ही स्वतंत्र जोडी असे. या जोड्यांची सरमिसळ झाल्यास केवढा गोंधळ व खर्च होई, हे त्यांच्या हाताखाली काम केलेल्या जेम्स नॅस्मिथ यांनी १८८३च्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. अशा काळात मोडका तुकडा हा अडथळा तर होताच. पण भोकातील आट्यांचा तो दाखलाही होता. छिन्नीने तो विद्रूप झाला, की नव्या स्टडचे माप भोकातूनच कसेबसे शोधावे लागणार.

मॉडस्ले यांच्याकडेच काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये ही अडचण मुळातून हाताळली. निरनिराळ्या कारखान्यांतील बोल्ट जमवून त्यांनी सरासरी काढली; आट्याचा कोन ५५ अंश व प्रत्येक व्यासास इंचामागे आट्यांची ठरावीक संख्या सुचविली. हे माप सिद्धांतातून आलेले नव्हते, ती तडजोड होती. किंबहुना म्हणूनच ते स्वीकारले गेले असावे.

अमेरिकेत मात्र विल्यम सेलर्स यांनी १८६४ मध्ये ६० अंशांचा, कापण्यास सोपा आटा पुढे आणला. अर्ध्या इंचाच्या बोल्टास व्हिटवर्थपद्धतीत इंचामागे १२ आटे, तर सेलर्सपद्धतीत १३. एका पद्धतीचा बोल्ट दुसरीच्या भोकात थोडे फेरे जातो, मग अडकतो; पान्याने जोर केल्यास मोडतो. म्हणजे प्रमाणीकरणानेच, ते दोन झाल्यामुळे, अडकलेल्या बोल्टांची नवी जात निर्माण केली. दुसऱ्या महायुद्धात ही विसंगती फार जाचक ठरली आणि १९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका व कॅनडा यांनी ६० अंशांचा समाईक आटा मान्य केला. त्याच्या जाड आट्यांच्या मालिकेत अर्ध्या इंचास १३ आटे कायम राहिले. जुन्या ब्रिटिश एंजिनांतील भोके मात्र १२ आट्यांचीच राहिली, आणि त्यांच्या दुरुस्तीसाठी व्हिटवर्थ मापाचे टॅप आजही विकले जातात.