आधी नेमणूक, मागाहून ट्रेनिंग

एरंडोल हे एके काळी कागदाचे गाव होते. इथल्या जाड्याभरड्या देशी कागदाची ख्याती जुन्या गॅझेटियरात नोंदलेली आहे. तो धंदा बसला. आता तालुक्यातल्या अनेक घरांत जपून ठेवलेला कागद म्हणजे डी.एड., बी.एड.चे प्रमाणपत्र.

नव्वदीच्या घरातल्या एका गुरुजींकडे मी या विषयासाठी गेलो होतो. सातवी, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल पास झाले आणि स्कूल बोर्डाने त्यांना थेट खेड्यातल्या शाळेवर धाडले. 'अनट्रेन्ड मास्तर' हीच तेव्हाची त्यांची पायरी. पुढे बोर्डानेच ट्रेनिंग कॉलेजात पाठवले. तिथे विद्यावेतन होते आणि परतल्यावर शाळा ठरलेली होती. 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्या, तेव्हा ते सेवेतच होते. प्रमाणपत्र कुठे ठेवले ते त्यांना आठवेना. पेन्शनचे पुस्तक मात्र लगेच काढून दाखवले.

हा क्रम पुढे उलटा झाला. मुलांसमोर प्रशिक्षित शिक्षक उभा राहावा ही अपेक्षा योग्यच होती. पण प्रशिक्षणाचा खर्च आणि धोका दोन्ही सरकारकडून घराकडे सरकले, याची चर्चा फारशी झाली नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचा कायदा 1993 चा. त्यानंतरच्या काळात विनाअनुदानित डी.एड. विद्यालयांचे पेव फुटले. मंजुरीसाठी इमारत, ग्रंथालय, अध्यापक तपासले जात. जिल्ह्यात दरवर्षी किती गुरुजी निवृत्त होतात, याच्याशी त्या जागांचा मेळ बसला नाही. बापाने कापसाच्या पैशातून फी भरली ती मात्र जुन्या हिशेबाने : डी.एड. म्हणजे नोकरी.

तशी नोकरीही पातळ होत गेली. 2000 साली शिक्षणसेवक योजना आली : तीन वर्षे, प्राथमिकला महिना 3000 रुपये मानधन. मे 2012 मध्ये भरतीवर बंदी आली. डिसेंबर 2013 मध्ये राज्यात पहिली टीईटी झाली, डिसेंबर 2017 मध्ये अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टल. 2015 पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले. जून 2018 मध्ये बी.एड.वाल्यांना पहिली ते पाचवीची दारे उघडली. 11 ऑगस्ट 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने ती बंद केली. कायद्याच्या बाजूने निकाल पटतो. मधल्या पाच वर्षांत त्या भरवशावर ज्यांनी प्रवेश घेतला, त्यांचे काय?

माझ्या ओळखीच्या एका घरात तीन भावंडे डी.एड. झाली. थोरला बंदीआधी जिल्हा परिषदेत लागला. बहीण खाजगी इंग्रजी शाळेत शिकवते. पगार विचारला तर विषय बदलते. धाकटा टीईटी पास आहे. सकाळी शेत, संध्याकाळी ट्यूशन. खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा 38. त्याला यंदा सदतिसावे लागले. भरतीची बातमी आली की तो फाइल घेऊन झेरॉक्सच्या दुकानात जातो. दुकानदाराला आता किती प्रती काढायच्या ते सांगावे लागत नाही.