तडजोडीचे पैसे कुणी भरायचे?

कंपनीवर मोठा खटला उभा राहिला की तिचा शेअर घसरतो आणि तडजोडीची कुजबूज सुरू झाली की बहुधा सावरतो. तडजोडीत पैसे जातात. पण किती जाणार हे कळते. अमेरिकेतल्या सिगारेट कंपन्यांनी नोव्हेंबर 1998 मध्ये 46 राज्यांशी 206 अब्ज डॉलरची तडजोड केली आणि बड्या कंपन्यांनी लगोलग पाकिटामागे 45 सेंट भाव वाढवला. दंड कंपन्यांच्या नावावर, भरला मात्र सिगारेट ओढणाऱ्यांनी.

त्याच दशकात रत्नागिरी जिल्ह्यात दुसरी एक तडजोड उलगडत होती. एन्रॉनचा वीजप्रकल्प ‘दाभोळ’ म्हणून ओळखला गेला, तरी तो वाशिष्ठीच्या दक्षिण तीरावर, गुहागर तालुक्यातल्या अंजनवेलजवळ उभा राहिला. डिसेंबर 1993 च्या करारातली मुख्य अट अशी होती: वीज उचलली नाही तरी राज्य वीज मंडळाने स्थिर आकार द्यायचा. हिशेब डॉलरशी बांधलेला, आणि वर राज्य व केंद्र सरकारची हमी.

1995 च्या निवडणुकीत हा प्रकल्प अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा झाली. 3 ऑगस्टला मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी तो रद्द केल्याचे जाहीर केले. एन्रॉनने लंडनमध्ये लवाद मागितला. सरकारने मुंबई उच्च न्यायालयात फसवणुकीचा दावा लावला. पण जानेवारी 1996 मध्ये नवा करार मान्य झाला. त्यात प्रकल्पाची क्षमता 2,015 वरून 2,184 मेगावॉटवर गेली. ‘सीटू’ आणि अभय मेहता यांनी याला आव्हान दिले. उच्च न्यायालयाने सरकारच्या कोलांटउडीवर ताशेरे ओढले. याचिका मात्र डिसेंबर 1996 मध्ये फेटाळली.

गुंतवणूकदारांच्या लेखी वाद मिटला. वेलदूर-अंजनवेलच्या लोकांना तो मिटल्यासारखा वाटला नाही. 3 जून 1997 च्या पहाटे वेलदूरच्या कोळीवाड्यात पोलीस घुसले आणि त्यांनी बायकांनाही पकडून नेले.

मे 1999 मध्ये वीज सुरू झाली. नाफ्था महागला, रुपया घसरला, मंडळ कमी वीज उचलू लागले. स्थिर आकार थोड्या युनिटांवर पडून 2000 मध्ये काही महिने दर युनिटला सात रुपयांपुढे गेला. सिगारेट कंपन्यांसारखा हा बोजा पुढे ढकलणे मंडळाला शक्य नव्हते. शेतीपंपाचा दर राजकारण ठरवत होते आणि चोरीच्या विजेचे बिल निघत नव्हते. 29 मे 2001 ला मंडळाने खरेदी थांबवली.

एन्रॉनचा शेअर ऑगस्ट 2000 मध्ये 90 डॉलरच्या आसपास होता. नोव्हेंबर 2001 च्या अखेरीस तो एक डॉलरखाली आला आणि 2 डिसेंबरला कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. तिला बुडवले मुख्यतः तिच्याच हिशेबातल्या लबाडीने. पण अंजनवेलच्या बंद संचांत अडकलेला पैसाही तिला सोडवता आला नव्हता. पुढे तिचा हिस्सा जीई आणि बेक्टेल यांनी सुमारे 2 कोटी डॉलरला घेतला. जुलै 2005 च्या तडजोडीत याच दोघींना मिळून 30 कोटी डॉलरच्या वर रक्कम मिळाली. एनटीपीसी आणि गेल यांच्या पुढाकाराने ‘रत्नागिरी गॅस अँड पॉवर’ ही नवी कंपनी उभी राहिली.

न्यायालयात टिकलेला करार असा वीजबिलात कोसळला. निकाल आणि तडजोड शेअरचा भाव हलवतात खरे. पण ती रक्कम शेवटी ज्याच्या खिशातून यायची, त्याची ऐपत अंजनवेलच्या हिशेबात कुणी धरलीच नव्हती.